चाकांची टेबलं, भिंतीतला प्लग

ओळखीतल्या एका मीडिया कंपनीचं नवं ऑफिस होऊ घातलंय. चाळीसेक माणसं, जाहिराती, माहितीपट, पॉडकास्ट असं सरमिसळ काम, आणि अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीतला अख्खा मजला. आराखड्यावर बोलायला जमलेल्यांत दहा मिनिटांत दोन तट पडले. तिशीच्या आतले म्हणाले, केबिन ही सरंजामी चीज आहे, सगळ्या भिंती पाडा, कुणाची जागा ठरलेली नको, रोज यावं आणि हवं तिथं बसावं. पन्नाशीच्या पलीकडचे म्हणाले, मोकळ्या हॉलात कामं होत नसतात, डोकं चालवायला दार लागतं. मग एकाने परदेशातल्या कुठल्याशा बड्या कंपनीच्या ऑफिसात बसवलेल्या घसरगुंडीचं नाव काढलं, दुसऱ्याने आपल्या जुन्या संपादकांचं, आणि चहा निवून गेला. हा वाद मी आधीही दोन-तीनदा ऐकलाय. दर वेळी तो भिंतीपाशी जाऊन थांबतो: ती हवी की नको?

माझं म्हणणं असं, की भिंत असण्या-नसण्याने फारसं काही ठरत नाही. ती कोण हलवू शकतं यावर ऑफिस चांगलं की वाईट हे ठरतं. 'लवचीक' हा शब्द हल्ली प्रत्येक इंटीरियर डिझायनरच्या सादरीकरणात पहिल्याच पानावर असतो. लवचीक कुणासाठी? कंपनीला उद्या दहा माणसं वाढवता यावीत, परवा पंधरा कमी करता यावीत, जमलं तर अर्धा मजला दुसऱ्याला भाड्याने देता यावा, ही एक लवचीकता. मला आज दुपारी दोन तास कुणाचाही आवाज नकोय आणि संध्याकाळी चौघांशी भांडत एक संहिता संपवायचीय, याची सोय कुणाची परवानगी न काढता मला करता यावी, ही दुसरी. शब्द एकच आहे, म्हणून दुसरीच्या नावाने पैसे मंजूर होतात आणि बांधून मिळते ती पहिली.

मोकळ्या हॉलाच्या बाजूचे मुद्दे हलके नाहीत. ज्याने कधीकाळी सरकारी कचेरीत बाकावर बसून दुपार काढलीय त्याला केबिनचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दाराशी स्टुलावर शिपाई, दारावर लाल दिवा, आत चिठ्ठी पाठवायची आणि ती परत येईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचं. खासगी कंपन्यांनी दिवा काढला, लाकडाच्या जागी काच आणली. पण 'साहेब आहेत का आत?' हे दबक्या आवाजातलं वाक्य तसंच राहिलं. पगार दाराआड ठरतात, बढत्या दाराआड ठरतात, आणि काम संपल्यावर एखाद्या मुलीला दाराआड थांबवून घेतलं जातं तेव्हाही बाहेर कुणाला काही दिसत नाही. हे दार ज्यांना नकोय ती मुलं आगाऊपणा करत नाहीयेत. त्यांना ते दार नीट ठाऊक आहे.

दुसरा मुद्दा याहून जड आहे. आपल्या धंद्यातलं शिक्षण बरंचसं कानावर पडून होतं. वरिष्ठ बातमीदार फोनवर आढेवेढे घेणाऱ्या अधिकाऱ्याला कसा बोलतं करतो, हे कुठल्याही पत्रकारितेच्या वर्गात शिकवता येत नाही. शेजारच्या खुर्चीवर बसून ते ऐकावं लागतं. संकलक नुसता 'इथली चार फ्रेम काढ' म्हणतो आणि दृश्य एकदम जागेवर बसतं, ते मागे उभं राहून पाहिलेलं पोरगं वर्षभराचा धडा एका संध्याकाळी शिकतं. जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांत कॉपी डेस्क घोड्याच्या नालेच्या आकाराचं असे: आतल्या पोकळीत मुख्य उपसंपादक, बाहेरच्या कडेने बाकीचे, आणि कागद हातोहात फिरायचा. या रचनेत भिंत घातली असती तर अंकच निघाला नसता. तिसरा मुद्दा भाड्याचा. मुंबईत चाळीस जणांना चाळीस खोल्या द्या असं म्हणणाऱ्याने आधी भाडं भरून दाखवावं. पैसे वाचवायला हॉल केला, असं मालकाने सरळ सांगितलं तर माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती काटकसरीला सर्जनशीलतेचं बाशिंग बांधण्याबद्दल.

पण भिंत गेली की उतरंड जाते, यावर मात्र माझा विश्वास नाही, आणि इतिहासाचाही नसावा. अमेरिकेत बफेलो शहरात साबण विकणाऱ्या लार्किन कंपनीसाठी वास्तुकार फ्रँक लॉइड राइटने १९०६ साली एक इमारत उभी केली. टपालाने येणाऱ्या मागण्या निपटणाऱ्या कारकुनांच्या रांगाच्या रांगा, मध्ये वरून उजेड येणारा भलाथोरला चौक, भोवती मजल्यामजल्यांचे सज्जे. आणि गंमत म्हणजे कंपनीचे वरिष्ठही त्या चौकात, सगळ्यांच्या नजरेसमोर, टेबलांवर बसत. 'आमच्याकडे सीईओसुद्धा सगळ्यांत बसतो' हे वाक्य आज स्टार्टअपवाले नव्याचं म्हणून सांगतात, ते एका शतकाहून जुनं आहे. त्याने लार्किनमध्ये समता आली? तिथल्या कारकुनांसाठी राइटने लोखंडी टेबलं घडवली होती, आणि त्यांची बसायची आसनं टेबलालाच जोडलेली होती. खुर्ची चार इंच मागे ओढायची मुभासुद्धा बसणाऱ्याला नव्हती. चौक मोकळा, माणूस टेबलाला जखडलेला.

आपल्याकडे अशा जागेला जुना शब्दही आहे: फड. पेशवाईत कारकुनांची कचेरी म्हणजे फड, तमाशाचं पथक म्हणजे फड, उसाचं उभं शेत म्हणजेही फड. तिन्हीकडे दाटी असते आणि तिन्हीकडे नजर ठेवणारा एक जण असतो, फडणीस म्हणा, फडमालक म्हणा की मुकादम. लोअर परळला ज्या गिरण्यांच्या आवारांत आता जाहिरात कंपन्या आणि वाहिन्यांची कार्यालयं आहेत, तिथली मागखातीही मोकळीच होती. मागांचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि या टोकाला उभ्या राहिलेल्या जॉबरला, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाला, त्या टोकाचा थांबलेला माग दिसायचा. १९८२ च्या संपानंतर ते माग कायमचे थांबले, यंत्रं भंगारात गेली. आज त्याच आवारातल्या हॉलात उघड्या विटा आणि लोखंडी खांबांकडे बोट दाखवून 'पारदर्शक संस्कृती' हा शब्द वापरला जातो, तेव्हा तो ऐकणाऱ्याला निदान एकदा तरी विचारावंसं वाटायला हवं: कुणाला कोण दिसावं म्हणून?

उतरंड भिंतीवाचूनही छान जगते. कुठल्याही मोकळ्या ऑफिसात पहिल्या दिवशी जा आणि पाहा. खिडकीशी, पाठ भिंतीला टेकून कोण बसलंय आणि स्वच्छतागृहाच्या दाराशी, पाठ सगळ्या हॉलाकडे करून कोण बसलंय? बैठकीची काचेची खोली दिवसभर कुणाच्या लॅपटॉपने अडवून ठेवलीय? ज्याला केबिन नाही असा बॉस आणि ज्याला केबिन नाही असा प्रशिक्षणार्थी यांच्यात फरक एवढाच, की पहिला कधीही उठून खाली गाडीत बसून फोन करू शकतो.

माझ्या बाजूचा सगळ्यात बोलका दाखला एका जाहिरात कंपनीचाच आहे, आणि हे लवचीक ऑफिसवाले तो सोयीने विसरतात. लॉस एंजेलिसच्या शायट/डे या गाजलेल्या कंपनीचे प्रमुख जे (Jay) शायट यांनी १९९३-९४ मध्ये फर्मान काढलं: यापुढे कुणाची स्वतःची जागा नाही. सकाळी यायचं, काउंटरवरून फोन आणि लॅपटॉप उचलायचा, जिथे जागा मिळेल तिथे बसायचं, जाताना परत करायचा. सामानाला छोटे लॉकर. दोघांनी बसून बोलायला जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यांचे डबे आणून ठेवले होते. लॉस एंजेलिसची इमारत वास्तुकार फ्रँक गेरीची, दाराशी दुर्बिणीच्या आकाराचं भव्य शिल्प. न्यूयॉर्कचं ऑफिस डिझायनर गाएतानो पेशेंनी रंगांची उधळण करून सजवलेलं. मासिकांनी डोक्यावर घेतलं. आत काय झालं? सकाळी लवकर येऊन लोक लॅपटॉप लपवायला लागले. ज्यांना बसायला मिळेना ते परत जायला लागले. कागद ठेवायला जागा नाही म्हणून फायली गाडीच्या डिकीत गेल्या. एक जण तर आपला पसारा लहान मुलांच्या लाल हातगाडीत घालून मजलाभर ओढत फिरत असे. वरिष्ठांनी बैठकीच्या खोल्या बळकावल्या. १९९५ मध्ये कंपनी विकली गेली, आणि १९९८ मध्ये त्याच कंपनीच्या नव्या जागेत, एका गोदामात, वास्तुकार क्लाइव्ह विल्किन्सन यांनी सगळ्यांना पुन्हा आपापल्या जागा दिल्या. सर्जनशील जोड्यांसाठी तर कड्यावरच्या गुहांसारखे एकावर एक पिवळे कप्पे रचले. शायट यांची कल्पना लवचीक होती असं मी म्हणणार नाही. तिथे हालचाल पुष्कळ होती, पण थांबायची मुभा नव्हती.

मग मोकळ्या मांडणीची कल्पनाच मुळात खोटी होती का? तसंही नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या भावांनी कारकुनी रांगा मोडून ऑफिसचा 'निसर्गदेखावा' करायची कल्पना काढली. कागद कुठून कुठे जातो, कोण कुणाशी किती वेळा बोलतं, हे मोजून टेबलं वाकडीतिकडी मांडायची, मध्ये झाडं, खाली गालिचा. त्यांचं अगदी सुरुवातीचं काम बर्टेल्समान या प्रकाशन कंपनीचं, म्हणजे आपल्याच धंद्यातलं. कल्पना पसरली, आणि दशकभरात तिथल्याच लोकांना नकोशी झाली: आवाज, गारठा, खिडकीपासून वीस मीटरवरची बैठक. पुढचं महत्त्वाचं आहे. जर्मनीत १९७२ च्या कायद्याने कामगार समित्यांना कामाच्या जागेबद्दल बोलायचा हक्क भक्कम झाला, स्वीडनमध्ये कामगारांना निर्णयांत वाटा देणारा १९७६ चा सहनिर्णयाचा कायदा आला, आणि या देशांतल्या लोकांनी तो हक्क वापरून खिडकीच्या छोट्या खोल्या परत मिळवल्या. अमेरिकेत तसा हक्क नव्हता. तिथे रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी १९६८ मध्ये हलवता येतील असे पडदे आणि कमी-जास्त उंचीची टेबलं केली होती. बसणाऱ्याने ती स्वतः रचावीत, १२० अंशांत ऐसपैस उघडावीत, हा त्यांचा हेतू. विकत घेणाऱ्यांनी तेच पडदे ९० अंशांत मिटवले, खोके केले आणि त्याला क्युबिकल म्हटलं. प्रॉप्स्टनी पुढे या खोक्यांना वेडाचार म्हटलं, पण तोवर खूप उशीर झाला होता. एकाच काळात युरोप आणि अमेरिका इतक्या वेगळ्या वाटांनी गेले, याची कारणं अनेक असतील. त्यातलं एक तर स्क्रू-ड्रायव्हर कुणाच्या हातात होता हे नक्कीच आहे.

आता शिकण्याच्या मुद्द्याकडे, कारण तोच मला खरा वाटतो. ऐकून शिकायला जवळ बसावं लागतं, हे बरोबर. पण किती जवळ? अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांचं बोलणं अंतराबरोबर कसं घटतं हे मोजलं: पहिल्या काही मीटरांतच ते वेगाने घसरतं, आणि पन्नास मीटरांपलीकडे नावापुरतं उरतं. म्हणजे शिष्याला गुरू हवा तो हाताच्या अंतरावर. त्यासाठी सहा-आठ जणांची खोली पुरते. चाळीस जणांचा हॉल लागत नाही. त्या घोड्याच्या नालेभोवतीही मूठभर माणसंच असत, सगळे त्याच अंकावर काम करत, सगळ्यांची घाई एकाच वेळी संपे. पाच वेगळी कामं, पाच वेगळ्या घाया आणि एक छत यांना वृत्तपत्राच्या डेस्कचा दाखला देणं म्हणजे पंगतीचा दाखला देऊन खानावळ चालवण्यासारखं आहे.

आणि चाळीस जणांच्या हॉलात लोक बोलतात तरी का? हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन मोठ्या कंपन्यांच्या माणसांच्या अंगावर संवेदक बसवलेले बिल्ले लावून कोण कुणाशी किती बोलतं हे मोजलं. भिंती पाडल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, आणि ईमेल वाढले. दोनच कंपन्या होत्या, त्यावरून जगाचा नियम काढू नये, हे मान्य. पण आपल्या ऑफिसातली मुलं आठवा: तीन फुटांवर बसलेल्या मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर 'चहा?' विचारतात, कारण मोठ्याने विचारलं तर अख्खा हॉल मान वर करतो. दार काढून घेतलं की माणूस कानावर दार लावतो, आणि त्या हेडफोनवर टकटक करता येत नाही.

इथे आवाजाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण मीडिया कंपनीत घोडं इथेच पेंड खातं आणि आराखड्यात त्याची चर्चा शेवटच्या पाच मिनिटांत होते. त्रास नुसत्या आवाजाचा नसतो. एसीची घरघर माणूस विसरतो. त्रास होतो तो कळणाऱ्या शब्दांचा. त्यातही फोनवरच्या एकतर्फी बोलण्याचा जास्त, कारण उरलेलं अर्धं संभाषण डोकं आपोआप पुरं करायला बघतं. २०१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हे प्रयोगाने दाखवलं. म्हणूनच मोकळ्या कार्यालयांसाठीचं आयएसओ ३३८२-३ हे आंतरराष्ट्रीय मानक किती डेसिबल एवढंच विचारत नाही. बोलणाऱ्यापासून किती अंतरावर गेलं की शब्द लक्ष विचलित करायचं थांबवतात, हे ते मोजतं. पाच मीटरच्या आत थांबले तर ऑफिस चांगलं, दहाच्या पुढे गेले तर वाईट. आपले फॅशनेबल हॉल आठवा: फॉल्स सीलिंग काढून उघडे केलेले एसीचे डक्ट, घोटलेलं सिमेंट, तीन बाजूंनी काच. शब्द शोषून घेणारी एकही वस्तू नाही. परदेशी पुस्तकं म्हणतात गालिचा घाला. मुंबईत जुलै महिन्यात गालिचा घातलेल्या ऑफिसचा वास ज्याने घेतलाय तो हा सल्ला पुन्हा देणार नाही. आपल्याकडे काम छतालाच करावं लागेल.

आणि दारांना. काचेच्या खोलीच्या दाराखाली बोटभर फट असते, तीतून आतली पगारवाढीची बोलणी बाहेर ऐकू येतात. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत नेऊन थांबवतात, वरच्या पोकळीतून सगळा आवाज शेजारी उतरतो. ते स्लॅबपर्यंत न्यावं लागतं. एकाच डक्टवर एडिटची खोली आणि पॉडकास्टची खोली असेल तर दोन कार्यक्रम एकमेकांत मिसळतात. यातलं काहीच अवघड नाही, फक्त फोटोत दिसत नाही. जाता जाता एक सांगतो, कारण हे मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय: ध्वनिमुद्रणाच्या खोलीला स्वस्तातला अंड्याच्या ट्रेसारखा फोम चिकटवू नका. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारियातल्या नाइटक्लबला आग लागली तेव्हा असाच ध्वनिशोषक फोम पेटला, त्याच्या विषारी धुराने माणसं गुदमरली, २४२ जण गेले. आणि तात्पुरत्या, पटकन पेटणाऱ्या बांधकामाची किंमत आपण डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल्सच्या आवारात १४ जीव देऊन मोजली आहे. लवचीक म्हणजे ज्वलनशील असं होऊ नये.

मी स्वतः अशा एका ऑफिसात तीन वर्षं काढली. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, अशी पन्नास आहेत. उद्घाटनाच्या दिवशी सगळी टेबलं चाकांची होती. 'प्रकल्प बदलला की टेबलं ढकला, नवी टोळी करा', असं आम्हाला उत्साहाने सांगण्यात आलं. तीन वर्षांत ती टेबलं फक्त एक व्यक्ती हलवायची: झाडू मारायला येणाऱ्या मावशी, आणि त्याही वीतभरच. कारण प्लग भिंतीत होते. प्रत्येक टेबल एक्स्टेन्शन बोर्डाच्या दाव्याला बांधलेलं, वर इंटरनेटची केबल. वायरमनला बोलवायला ॲडमिनची परवानगी, ॲडमिनला वरून मंजुरी. चाकांवर भरपूर खर्च झाला होता. वरून सोडलेल्या वायरी, म्हणजे ज्याने ती चाकं खरंच फिरली असती, त्या 'छत खराब दिसतं' म्हणून नाकारल्या गेल्या होत्या.

याच्या उलट टोकाला एमआयटीची बिल्डिंग २० होती. १९४३ मध्ये युद्धाच्या घाईत लाकडात उभारलेली, युद्धानंतर पाडायची म्हणून कुणी तिच्यावर जीव लावला नाही. ती १९९८ पर्यंत टिकली. आत लांब बोळ आणि खोल्या, म्हणजे दारं भरपूर. युद्धकाळातलं रडारवरचं संशोधन तिथलं, चॉम्स्कींचा भाषाशास्त्र विभाग तिथला. भौतिकशास्त्रज्ञ जेरल्ड झकारियास यांना अणुघड्याळाला उंची कमी पडली तेव्हा त्यांनी वरच्या मजल्यांची जमीन काढून टाकली. परवानगीचा प्रश्नच कुणाला पडत नव्हता, कारण इमारत कुणाला फारशी मोलाची वाटत नव्हती. आपल्याकडे वर्सोव्याच्या आरामनगरातल्या बैठ्या घरांत इतकी निर्मिती आणि कास्टिंगची ऑफिसं का रुजली, याचं एक कारण मला इथेच दिसतं: अंगण आहे, खोली आहे, आणि खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागत नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: लोकांच्या हाती सोपवलं की बजबजपुरी होईल, जो तो आपला कोपरा अडवून बसेल. थोडं होईलच. पण शायट यांच्याकडेही लोकांनी लॅपटॉप लपवलेच, फक्त चोरून. २०१० मध्ये क्रेग नाइट आणि अलेक्स हॅस्लम या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग इथे कामी येतो. चार प्रकारच्या जागा: एक उघडी-बोडकी, एक दुसऱ्याने झाडं-चित्रं लावून सजवलेली, एक बसणाऱ्याने स्वतः मांडलेली, आणि एक बसणाऱ्याने मांडल्यावर संशोधकाने येऊन पुन्हा आपल्या मनाने बदललेली. तिसऱ्या जागेत लोकांनी सगळ्यात चांगलं काम केलं. चौथीत तो फायदा वाहून गेला. प्रयोग थोड्या वेळाचा होता, वर्षानुवर्षांच्या नोकरीचा नव्हे. तरी ज्याच्या टेबलावरचा फोटो 'लेआउटला शोभत नाही' म्हणून कुणी उचललाय त्याला चौथ्या गटाची अवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

तर त्या चाळीस जणांच्या मजल्याचं काय करायचं? मला आपला वाडा आठवतो. तिथे मोकळं आणि बंद यांच्यामध्ये पायऱ्या होत्या: देवडी, चौक, ओसरी, सोपा, माजघर, आतली खोली. पुण्याच्या गायकवाड वाड्यात टिळकांचं बिऱ्हाड आणि केसरीचं कामकाज एकाच आवारात नांदलं, ते याच पायऱ्यांमुळे जमलं असणार. अर्थात वाड्याचं गुणगान गाताना जीभ आवरायला हवी. कुणी चौकाच्या पुढे यायचं नाही आणि कुणी माजघराच्या बाहेर यायचं नाही, हे तिथे जात आणि बाईपण बघून ठरत होतं. मला पायऱ्या हव्यात, पहारेकरी नकोत. मजल्याच्या पोटात, जिथे उजेड पोचत नाही, तिथे एडिटच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या खोल्या. त्यांना अंधारच हवा असतो. खिडक्यांच्या कडेने सहा-सात जणांच्या पाच-सहा खोल्या, मधल्या चौकाकडे रुंद उघडणाऱ्या आणि हव्या तेव्हा बंद होणाऱ्या. चौकात चहा, मोठं टेबल, भांडणं. एकट्याने फोन करायला दोन-तीन कोनाडे. बॉसलाही यातलीच एक जागा, त्याच दाराची. विजेच्या तारा वरून. आणि प्रत्येक टोळीला वर्षाला थोडी रक्कम, जी आपल्या खोलीवर कशी खर्च केली हे सांगावं लागेल, पण आधी विचारावं लागणार नाही. ऑफिसबॉय आणि मावशी यांना डबा खायला टेबल-खुर्ची, जिन्याखालची पायरी नव्हे; बीनबॅगवर पैसे घालवणाऱ्या एकाही आराखड्यात मला ती अजून दिसलेली नाही. खर्च थोडा वाढेल, टेबलं पाच-सहा कमी बसतील. हल्ली आठवड्यातले दोन दिवस निम्मे लोक घरूनच काम करतात, तेव्हा हा हिशेब वाटतो तितका कडू नाही. पण जागा रोज रिकामी असते म्हणून ती कुणाचीच नको, या युक्तिवादाला मी फसणार नाही. गावचं घर वर्षातले अकरा महिने बंद असतं, म्हणून ते आपलं नसतं का?

त्या तीन वर्षांतलं एक अजून. आमच्याकडे ध्वनिसंकलन करणारा एक मुलगा होता. एका शनिवारी त्याने भंगारात निघालेली दोन गोदरेजची कपाटं ओढत आणली, काटकोनात उभी केली, मागे घरच्या जुन्या गोधड्या टांगल्या आणि आत आपलं टेबल सरकवलं. दोन महिने तिथून बाहेर पडलेलं काम त्या ऑफिसचं सगळ्यात चांगलं काम होतं. तो डोकं बाहेर काढून गप्पाही आधीपेक्षा जास्त मारायचा, कारण आता कधी मारायच्या हे त्याच्या हातात होतं. मग एक मोठा क्लायंट ऑफिस बघायला येणार होता. आदल्या रात्री कपाटं गेली, गोधड्या घडी घालून त्याच्या खुर्चीवर ठेवल्या होत्या. तो काही बोलला नाही. महिन्याभराने त्याने डोंबिवलीच्या घरातली आतली खोली कामाला लावली, आणि आता फक्त बुधवारी येतो. बुधवारी तो हेडफोन आणतच नाही. दिवसभर चहा पितो, नव्या पोरांच्या मागे उभा राहून त्यांचं काम ऐकतो, आणि गोधड्यांच्या आत करायचं ते उरलेले दिवस घरी करतो.